सात आणि पाच अकरा

९ जानेवारी

हेडफोनवर अठ्ठावीसशे सोमची चिठ्ठी होती. खरी किंमत पडली ती अशी. दुकानदार म्हणाला, "पैसे राहू द्या उस्ता, माझ्या गोदामातली चूल धुमसते, तेवढी बघा." बघायला गेलो तर आतली अर्धी भिंत बसलेली. दोन दिवस, माझ्या घरच्या साठ विटा, माती मळायला तापवलेलं पाणी, पाठीत भरलेली उसण, आणि घरी आल्यावर बुरुलचा तीन दिवसांचा अबोला. बायको बोलत नसली की चहात मीठ जास्त पडतं, तेही धरायला हवं. एवढ्यात एक धडधाकट मेंढा आला असता.

पण घेतला. घरं तापवायच्या चुली बांधणं हा आमचा धंदा, थंडीत त्याला कुलूप असतं. माती गोठली की वीट धरत नाही. डिसेंबर ते मार्च उस्ता म्हणजे घरातली अडगळ. लेक कनिशाय रशियात कझानला इस्पितळात नोकरीला गेली, तिचा कॉम्प्युटर कोपऱ्यात चादरीखाली पडून होता. परवा फोनवर म्हणाली, "बाबा, त्यात एक खेळ आहे. कुठकुठली अनोळखी माणसं मिळून मुडद्यांच्या गावातून जीव वाचवतात. आईशी भांडण्यापेक्षा तो खेळा. फक्त हेडफोन चांगला घ्या. त्यात सगळं कानावर आहे."

कानावर आहे म्हटल्यावर मी मागे हटतो काय! सोळाव्या वर्षी मी दुसऱ्या उस्तामागे मातीच्या बादल्या वाहत होतो. त्यानं कधी शिकवलं नाही. तो काम करायचा आणि मी भिंतीआडून ऐकायचो. आज विटेवर थापी टेकवली की तडा कुठे आहे ते सांगतो. माणूस दहा शब्द बोलला की त्याचं वय, गाव आणि धंदा सांगतो. एकतीस वर्षांत चारशेच्या वर चुली बांधल्या, आणि माझ्या एकाही चुलीतून माणसाला कोळशाची विषारी वाफ लागलेली नाही.

त्याला कारण आहे झडप. लोक धुराड्यातली झडप लवकर ढकलतात, ऊब घरात कोंडायला. निखाऱ्यावर निळी ज्योत असेतो झडप लावू नका, हे सांगून माझी जीभ झिजली. ऐकतो कोण? कोळसा महाग, थंडी फुकट. म्हणून मी प्रत्येक झडपेला अंगठ्याएवढं भोक पाडतो. माणूस चुकला तरी वाफेला वाट राहते. बाकीचे उस्ता आळस करतात. माझ्या, शार्शेनच्या झडपेला भोक असतंच. सगळ्या काराकोल गावाला माहीत आहे.

कनिशाय म्हणाली, खेळाची वही ठेवा, मी आले की वाचीन. तिला दाखवायच्या आधी यातली काही पानं फाडावी लागतील.

११ जानेवारी

तीनदा मेलो. प्रत्येक वेळी दोन मिनिटांच्या आत.

खरं लिहायचं तर मी घाबरलो. पडद्यावर बर्फानं भरलेलं रिकामं गाव. कुठेही माणूस नाही. आपलेच बूट करकरतात आणि मुडद्यांना दिसत नसलं तरी ऐकू येतं. करकरलं की येतात. मी एका शाळेत शिरलो. दार लावलं. डाव्या कानात कोणीतरी लाकडावर नखं ओढू लागलं. सावकाश, घाई नसल्यासारखं. मी खरोखरचं डोकं डावीकडे वळवलं, तर तिथे बुरुल चहा घेऊन उभी. मी जी किंकाळी फोडली ती शेजारच्या कुत्र्यानं उचलून धरली.

"छप्पन वर्षांचा बाप्या," बुरुल म्हणाली, "काचेतल्या भुताला भितो!"

अबोला सुटला, एवढा फायदा. चहात मीठ बरोबर होतं.

१६ जानेवारी

जोडीदार मिळाले. दोघं. रोज दुपारच्या जेवणानंतर येतात. एकानं स्वतःचं नाव ठेवलंय कर्नल, दुसऱ्यानं कोल्हा. माझ्या खेळाडूवर कनिशायचं नाव आहे, पण आवाज ऐकल्यावर कर्नल म्हणाला, "ही कसली पोरगी, हा तर म्हातारा आहे!" तेव्हापासून तो मला म्हाताराच म्हणतो.

"म्हाताऱ्या, बंदूक उलटी धरलीयस."

"बंदूक नाही, कुऱ्हाड आहे."

"मग तर आणखीच उलटी."

मीही सोडलं नाही. म्हटलं, "कर्नल, तू कारागांदाचा. वय पन्नास-बावन्न. फौज तू लांबूनही पाहिलेली नाहीस. खाणीत मोठी गाडी हाकतोस, खोकल्यात कोळशाची धूळ आहे."

तो खोकला. मग म्हणाला, "तू पोलीस आहेस की काय?"

"आणि कोल्ह्या, तू नारिनकडचा, शब्दाच्या शेवटाला सूर वर नेतोस. वय अठरा, फार तर एकोणीस. आवाज अजून नीट फुटलेला नाही, दाढी तर नाहीच. कॉलेजात आहेस, मघापासून पेनाची टिकटिक चाललीय."

टिकटिक थांबली. थोड्या वेळानं बारीक हसू ऐकू आलं. "तुम्ही म्हणाल तसं, आके." थोरल्या भावाला म्हणावं तसं आके म्हणतो, पोर रीतीचं दिसतं.

दोन्ही नेम बरोबर. या कानांना सरकारनं पगार द्यायला हवा.

हेडफोनमध्ये मात्र एक खोट निघाली. असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची अझान दोनदा ऐकू येते. एकदा खिडकीतून, आणि दोन श्वासांनी पुन्हा कानात. दुकानदाराला सांगायला हवं. साठ विटा घेऊन नासका माल दिला.

२२ जानेवारी

आज इस्पितळातून औषधं काढून बसपर्यंत पोचायचं होतं. इस्पितळाच्या तळघरात दिवे नाहीत. मुडदे किती ते मी ऐकून सांगायचं, असं आमचं ठरलंय. मी त्या दोघांचा कान.

"आके, किती?" कोल्ह्यानं विचारलं.

"उजवीकडे दोन. एक लंगडा. वर जिन्यात एक, तो उभा आहे."

"आपल्याकडे बारा गोळ्या. माझ्या सात, कर्नलच्या पाच. आकेंच्या शून्य, कारण आके पावाच्या डब्यावर झाडतात."

"तो डबा हलला होता!"

"डबा नाही, उंदीर," कर्नल म्हणाला. "मी पण बघितलं. आणि मी म्हणतो वरून जाऊ..."

"खालून बरं," मी म्हणालो.

"एका वेळी एकानं बोलायचं," कोल्हा म्हणाला. "हवं तर हात वर करा."

आम्ही दोघं दाढीमिशावाले गप्प झालो. कसे झालो, माहीत नाही.

मग व्हायचं ते झालं. मी ट्रॉलीला धडकलो. लोखंड वाजलं. सगळीकडून येऊ लागले. मी खाटेखाली शिरलो. पावलं खाटेपाशी येऊन थांबली. अनवाणी, ओली. वर बसनं भोंगा दिला, कर्नल चढला. माझ्या छातीत इतकं धडधडत होतं की मुडद्यांना माईकमधून ऐकू जाईल असं वाटलं. खेळ आहे हे मला कळत होतं. छातीला कळत नव्हतं.

"पळ रे पोरा! मला सोड, पळ!" मी ओरडलो.

कोल्हा पळाला नाही. परत खाली आला. सात गोळ्यांत सहा पाडले. म्हणाला, "आके, उठा. माझ्या मागे. ओळीत. धावायचं नाही आणि मागे वळून बघायचं नाही." आम्ही शाळेतल्या पोरांसारखे ओळीनं बाहेर आलो.

या वयात इतका धीर कुठून येतो? बाप फौजेत असावा.

२७ जानेवारी

कोळसा आणायला मागच्या खोपटात गेलो. बादली माझीच, खोपट माझंच. ढिगावरून एक खडा घरंगळला आणि मी फावडं उगारून उभा राहिलो. किती वेळ, कोण जाणे. बुरुलनं खिडकीतून पाहिलं. रात्री बहिणीला फोनवर सांगत होती, "आमचे हे कोळशाशी लढतात."

हसलो मीही. पण आता घरात कुठेही करकरलं की मान आपोआप वळते. कान चांगले असण्याची ही दुसरी बाजू.

१ फेब्रुवारी

कोल्हा आज मंद होता. "डोकं दुखतंय," म्हणाला. "रोज चारच्या सुमारास धरतं. सकाळी उतरतं."

"जेवत नसशील," मी म्हटलं. "तुम्हा पोरांना पडद्यापुढे भूक कळत नाही. मांस खा. चरबी खा. कांदा हुंग."

"खाईन, आके."

त्याच्याकडे लोखंडी दार उघडल्याचा आवाज आला. चुलीचं दार. बिजागरी आधी कुरकुरली, मग दोन ठोके. ऐकून बरं वाटलं, माझ्या चुलींची दारंही अशीच बोलतात. म्हटलं, "चूल चांगल्या हातची दिसते. कोणी बांधली?"

"होता एक उस्ता," कोल्हा म्हणाला. "माणूस चांगला. फक्त फार घाईत होता."

"नारिनचे उस्ता घाईतच असतात. घर गरम राहतं ना?"

"फार. यंदा नव्या प्लास्टिकच्या खिडक्या बसवल्या. वाऱ्याचा कण येत नाही."

"मग मजा आहे तुझी!" मी म्हणालो.

कर्नल मध्येच ओरडला, "चुलीबिलीचं नंतर, माझा पाय खातायत!"

५ फेब्रुवारी

कोल्हा दोन दिवस आला नाही. मला उगाच भीती वाटत राहिली. ज्याचं तोंड पाहिलेलं नाही, ज्याचं खरं नाव माहीत नाही, त्याच्यासाठी भाकरी घशाखाली उतरत नाही, हे बुरुलला सांगणार तरी कसं? कर्नल म्हणाला, "कॉलेज सुरू झालं असेल." पण त्याचाही आवाज बरा नव्हता.

आज आला. "दुपारची झोप लागते. उठवत नाही," म्हणाला. तरणं पोर, झोपणारच. मी निर्धास्त झालो.

८ फेब्रुवारी

आज लिहिता येत नाही. हाताला टाके आहेत.

९ फेब्रुवारी

कालचं आज लिहितो.

तिघं नेहमीच्या वेळी आलो. एका गोदामात अडकलो होतो, बाहेर वीसेक मुडदे. बाहेर पडायचं तर गोळ्या मोजून वापरायला हव्यात. मी म्हटलं, "कोल्ह्या, हिशेब सांग."

"माझ्या सात," तो म्हणाला. मग खूप वेळ काही नाही. "कर्नलच्या पाच. सात आणि पाच... अकरा."

कर्नल हसला. "अरे, पहिलीत बसवू का तुला?"

मी हसलो नाही. कोल्हा मोजण्यात कधी चुकत नाही. महिनाभर ऐकतोय, एकदाही नाही. पडद्यावर त्याचा माणूस भिंतीकडे तोंड करून चालत होता. भिंतीला धडकत होता, पुन्हा चालत होता. आवाज असा येत होता जसा जिभेखाली लोकरीचा गोळा धरला असावा.

"कोल्ह्या, काय होतंय तुला?"

"काही नाही. झडप लावून घेतली जरा आधीच. थंडी वाजतेय. मळमळतंय."

मी उभा राहून माईकमध्ये ओरडलो.

"उघड ती! आत्ता उठ, झडप उघड, दार उघड!"

त्याच्याकडे खुर्ची सरकली. पावलं. मग लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज, आणि शेवटी घंटेसारखा टोला. उघडायच्या ऐवजी त्यानं झडप आणखी घट्ट आत ढकलली होती. भानच नव्हतं. खुर्चीत परत कोसळल्याचा आवाज आला.

तो टोला मी ओळखला. जगात तसा टोला देणाऱ्या झडपा एकोणीसच आहेत. अकरा वर्षांपूर्वीच्या हिवाळ्याच्या तोंडावर बाजारात पत्रा संपला होता, म्हणून मी रस्ता सपाट करणाऱ्या जुन्या यंत्राचं पातं मोडीत घेऊन त्याच्या झडपा कापल्या. पोलाद असं कडक की ड्रिलची पाती काडीसारखी मोडायची. त्या साली माझ्या स्वतःच्या घरावर छप्पर नव्हतं, बर्फ डोक्यावर आलं होतं, आणि मी सहा आठवड्यांत एकोणीस चुली उभ्या केल्या. पुन्हा त्या पोलादाच्या वाटेला गेलो नाही.

म्हणजे नारिन नव्हेच. इथेच, काराकोलमध्ये. आणि त्याच क्षणी खिडकीतून असरची अझान सुरू झाली. दोन श्वासांनी हेडफोनमध्ये तीच, आमच्याच इमामाच्या पडशासकट. हेडफोनमध्ये खोट नव्हती. अझान कोल्ह्याच्या खिडकीतून येत होती. इतके दिवस.

"कर्नल," मी म्हणालो, "याला कोळशाची वाफ लागलीय. मी शोधायला निघालो. तू गप्प बसू नकोस. शिव्या घाल, गाणी म्हण, काय वाटेल ते कर, पण याला झोपू देऊ नकोस."

"पळ, म्हाताऱ्या," कर्नल म्हणाला. आवाजात थट्टा नव्हती.

मी घरातल्या लोकरी नमद्याच्या चपलांत धावलो. बुरुल मागून ओरडत होती. मी म्हटलं, "इस्पितळाला फोन कर, मशिदीच्या गल्लीत बोलाव!" फावडं कधी हातात आलं, आठवत नाही.

त्या एकोणीसांतल्या तीनच चुली मशिदीच्या हाकेच्या टप्प्यात आहेत. एक ट्रकवाल्या मिर्लानकडे, तो तेवीसचा. एक त्या कुटुंबाकडे जे रशियात गेलं. एक सोनुन एजेंकडे, म्हणजे सोनुन ताईंकडे, शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या त्या. मला तरुण पोर हवं होतं. मी मिर्लानकडे धावलो. ते घर सगळ्यांत लांब.

दार बडवलं. मिर्लान हातात हाड घेऊन बाहेर आला.

"जिवंत आहेस?"

"जेवतोय, आके."

"कॉम्प्युटरवर खेळत नव्हतास?"

"माझ्याकडे कसला कॉम्प्युटर? काय झालं? फावडं कशाला?"

परत फिरलो. पाय बर्फात रुतत होते, एक चपल गेली. रशियावाल्यांच्या फाटकाशी बर्फ गुडघाभर आणि त्यावर मांजराचंही पाऊल नाही. मी रस्त्यात उभा राहिलो. तळघरातल्या खाटेखाली वाटली ती भीती नव्हतीच. ही खरी. हिच्यात आपल्याला काहीच ऐकू येत नाही.

उरल्या सोनुन एजे. तिथे पोरगा नाही, हे मी माझ्या कानांच्या भरवशावर ठरवून बसलो होतो. पण दुसरं घरच उरलं नव्हतं.

दाराला आतून कडी. खिडक्या नव्या, पांढऱ्या प्लास्टिकच्या, दुहेरी काचेच्या. पहिल्या फटक्याला फावडं उडालं. चौथ्याला बाहेरची काच गेली, सातव्याला आतली. हात घालून खिडकीची कडी काढली, तेव्हा मनगट फाटलं. आत चढता चढता आवाज आला. मेजावर पडलेल्या हेडफोनमधून कर्नल बारीक आवाजात ओरडत होता, "कोल्ह्या, हात वर कर! एका वेळी एकानं बोलायचं ना! बोल! पाढे म्हण! दोन एके दोन म्हण!"

सोनुन एजे मेजावर डोकं टेकून होत्या. मांडीवर अर्धा विणलेला मोजा, सुया खाली पडलेल्या. गाल लाल. अनोळखी माणूस म्हणाला असता, काय तब्येत आहे. उस्ता लोकांना त्या लालीचा धसका असतो.

त्यांना शिर्दाकावर घेतलं, तो जाड नमदा खाली होताच, आणि ओढत दारातून बर्फात आणलं. मिर्लान पोचला होता, हाड अजून हातात. मी त्यांच्या थोबाडीत मारत होतो आणि ओरडत होतो, "पळ! उठ, पळ रे! पळ!" मिर्लान म्हणाला, "आके, त्या मुगालिम आहेत. माझ्या शाळेतल्या बाईंना असं..." आणि तो रडू लागला.

मग त्यांना उलटी झाली. त्याहून गोड आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही.

११ फेब्रुवारी

इस्पितळात गेलो. बुरुलनं तळलेल्या पिठाच्या बोरसोकांचं पातेलं दिलं. सोनुन एजे उशीला टेकून बसल्या होत्या, नाकात नळी. वय सदुसष्ट. मी दारातच उभा राहिलो. महिनाभर या बाईला मी काय काय म्हणालो होतो ते एकेक आठवत होतं.

"बसा, उस्ता," त्या म्हणाल्या. "हात वर करायची गरज नाही."

"एजे, मी तुम्हाला पोरा म्हणालो. दाढी फुटली नाही म्हणालो."

"खरंच फुटलेली नाही."

"तुम्हाला ठाऊक होतं मी कोण ते?"

"दुसऱ्याच दिवशी. तुम्ही माझ्याकडे दोन दिवस काम केलंत, आणि दोन्ही दिवस तोंड मिटलं नाहीत. तो आवाज विसरायला मला दुसरा जन्म लागेल."

"मग सांगितलं का नाही?"

त्यांनी एक बोरसोक उचलला, बघितला, परत ठेवला. "सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, मुगालिम एजे, आपण पळावं. चाळीस वर्षं सगळं गाव मला आपण-आपण म्हणतंय. नातू सोल शहरात गेला, तो खेळ ठेवून. पहिल्यांदा कोणी ओरडलं, पळ रे पोरा. मला बरं वाटलं."

मी पातेल्यावर झाकण ठेवलं. मग त्याच म्हणाल्या, "चूक माझी. निळी ज्योत होती. मी पाहिली होती. पण कोळसा तीन पोतीच उरलाय, आणि अजून महिना काढायचाय."

"तुमची चूक म्हणू नका," मी म्हणालो. "माझ्या झडपेला भोक आहे, म्हणून तुम्ही वाचलात. भोक नसतं तर अर्ध्या तासात संपलं असतं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. गणिताची बाई उत्तर चुकल्यावर बघते तशी.

डॉक्टर म्हणतात, डोकं महिनाभर दुखेल. जगतील. कर्नलला कळवलं. तो बराच वेळ खोकत राहिला. मग म्हणाला, "सात आणि पाच किती, विचार तिला." विचारलं होतं. बारा म्हणाल्या.

१३ फेब्रुवारी

बाजारात लोक हात मिळवायला थांबवतात. कसायानं पैसे घेतले नाहीत. चहाच्या दुकानात चारदा सगळं सांगितलं, आणि चारही वेळा शेवटी म्हणालो, "शार्शेनच्या झडपेला भोक असतं, म्हणून." लोकांनी माना डोलावल्या. हेडफोनच्या दुकानदारानं तर गिऱ्हाइकांना बोलावून ऐकवलं.

घरी आलो तर बुरुलनं एकच विचारलं.

"भोक आहे, तर मग रोज चार वाजता त्यांचं डोकं का दुखायचं?"

"नव्या खिडक्या. हवा कोंडली."

"आणि आधीची अकरा वर्षं?"

"जुन्या खिडक्यांतून वारा यायचा."

"म्हणजे वाट खिडक्या देत होत्या," बुरुल म्हणाली. "जाऊन बघ."

"बघायचं काय त्यात? मीच तर पाडलं असणार."

ती भांडी घासायला गेली. मी मेजापाशी बसून राहिलो. ते वर्ष आठवायचा प्रयत्न केला. छप्पर आठवतं. पातं कापताना उडालेल्या ठिणग्या आठवतात. मोडलेल्या ड्रिलचे तुकडे आठवतात, मुठीत दुखेपर्यंत धरलेले. पुढचं आठवत नाही. आठवत नाही की आठवायचं नाही, तेही कळत नाही.

खेळ उघडला नाही. मुडद्यांचं भय वाटत नाही आता. जे वाटतंय त्याला दाराआड थोपवता येत नाही.

एका कागदावर एकोणीस नावं लिहिली. मिर्लानचं पहिलं. मग कागद वहीत दडवला.

१५ फेब्रुवारी

सकाळी सोनुन एजेंच्या घरी गेलो. किल्ली त्यांनी कालच पाठवली होती, निरोपाशिवाय. पिशवीत हातोडी, छिन्नी, आणि शहरातून मागवलेलं सगळ्यांत कडक ड्रिल. कशाला घेतलं, ते बुरुलनं विचारलं नाही.

फुटलेल्या खिडकीला मिर्लाननं पुठ्ठा लावलाय. घर थंडगार. मोजा आणि सुया कुणीतरी मेजावर नीट ठेवलेल्या. म्हणजे ती पेनाची टिकटिक या सुयांची.

धुराड्याच्या चार विटा काढल्या. माझं काम छान आहे, सांधे अजून केसाइतके. झडप ओढली. तिनं तोच टोला दिला. दोन्ही बाजूंना काजळीचा थर, बोटभर. म्हटलं, भोक काजळीनं बुजलं असेल. असं होतं. बाहेर अंगणात नेली, बर्फानं घासली. मग वाळूनं. मग माझ्या कोटाच्या बाहीनं, लोखंड निळं दिसेतो.

एका कोपऱ्यात ड्रिल टेकवल्याची खूण आहे, मसुराच्या दाण्याएवढी. आरपार गेलेली नाही.

उन्हाकडे धरली. झडपेला भोक नाही.